सगळ्यात भारी मशीन कुठलं?

ऑक्टोबर उजाडला की गुलाबी फिती निघतात आणि माझा फोन वाजू लागतो. "मॅमोग्राफी करू की सोनोग्राफी? की सरळ एमआरआयच करून टाकू? एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." विचारणारी शिकलेली असते, कमावती असते. फ्रिज घेताना चार दुकानं पालथी घालणारी असते.

फ्रिजला हा प्रश्न चालतो. स्तनाला चालत नाही.

या तीन यंत्रांची एकमेकांशी शर्यतच नाही. मॅमोग्राफी एक बघते, सोनोग्राफी दुसरं, एमआरआय तिसरंच. डोळे चांगले की कान, असं कुणी विचारतं का?

आधी सांग, वय काय? गाठ हाताला लागली आहे, की काहीच त्रास नाही आणि नुसती तपासणी करायची आहे? आईला, मावशीला, बहिणीला कधी स्तनाचा कर्करोग झाला होता? एवढी तीन उत्तरं मिळाली की यंत्र ठरायला वेळ लागत नाही. पण हे तीन प्रश्न तपासणी पॅकेजच्या जाहिरातीत नसतात.

तिथे फक्त सवलत असते.

मॅमोग्राफीपासून सुरुवात करू. तिच्याबद्दल भीतीही सगळ्यात जास्त आणि अपेक्षाही सगळ्यात जास्त. दोन्ही चुकीच्या.

१९१३ मध्ये बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या सर्जनने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे घेतले. फिल्मवर त्याला काही ठिकाणी बारीक पांढरे ठिपके दिसले. ते चुन्याचे कण. त्यांचं खरं महत्त्व कळायला पुढची काही दशकं गेली. आज तेच कण मॅमोग्राफीची खरी ताकद आहेत. मिठाच्या दाण्याहून लहान, पुंजक्याने बसलेले, जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या बोटांना न लागणारे. दुधाच्या नळीतच असलेला, अजून बाहेर न पडलेला कर्करोग बहुतेक वेळा या ठिपक्यांवरूनच सापडतो.

सोनोग्राफीला हे ठिपके नीट दिसत नाहीत. म्हणून "मॅमोग्राफी दुखते, मी आपली सोनोग्राफीच करते" हे पन्नाशीच्या बाईने म्हणू नये.

दुखतं का? दुखतं, मी करून आले आहे. टेक्निशियन मुलीने पहिला प्रश्न विचारला, "काकू, पावडर लावलीय का?" लावली होती. काखेतली, स्तनाखालच्या घडीतली सगळी पावडर ओल्या कापसाने पुसून काढायला लावली, कारण पावडरचा आणि डिओडरंटचा कण फिल्मवर त्या चुन्याच्या कणासारखाच उमटू शकतो. मग थंडगार पाट, वरून सरकत येणारी पारदर्शक पट्टी, आणि स्तन लाटल्यासारखा चपटा. "श्वास रोखा." काही सेकंद. सुटले. एका बाजूचे दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका. दोन्ही बाजूंचे मिळून चार.

चपटा केला की आतले एकावर एक चढलेले थर सुटे होतात, फोटो स्वच्छ येतो आणि किरणही कमी लागतात. हे मला त्या मुलीने सांगितलं. आधीच्या भेटीत, दुसऱ्या ठिकाणी, कुणीच सांगितलं नव्हतं.

सांगितलं असतं तर कमी दुखलं असतं.

आणि किरणांची भीती? चार फोटोंचा मिळून डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट. नुसतं जमिनीवर वावरून आणि श्वास घेऊन माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे दोनेक महिन्यांच्या जगण्याएवढे किरण. मॅमोग्राफीला घाबरणारी हीच बाई डोकं दुखलं म्हणून सीटी स्कॅनला एक प्रश्न न विचारता आत जाते.

आता अपेक्षा. "मॅमोग्राफी नॉर्मल आली, सुटले!"

सुटलात असं कुणी सांगितलं?

स्तनात चरबी असते आणि ग्रंथी-तंतूंची वीण असते. एक्स-रेवर चरबी काळपट दिसते, वीण पांढरी दिसते. गाठही पांढरीच. वीण दाट असली की गाठ तिच्यात हरवते. पांढऱ्या रांगोळीत सांडलेलं मीठ शोधून दाखवा. चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायकांचा स्तन असा दाट असल्याचं अमेरिकेतले आकडे सांगतात, आणि वय जितकं कमी तितकी वीण दाट. हाताला घट्ट लागला म्हणजे दाट, असंही नाही. ते फक्त मॅमोग्राफीवरच कळतं.

रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असतं. ए, बी, सी, डी. ए म्हणजे बहुतांश चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. तुमच्या रिपोर्टवर कुठलं अक्षर होतं?

बघा. वाचलंच नाही.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफीनंतर बाईला तिचा स्तन दाट आहे की नाही हे लेखी कळवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे रिपोर्टचं पाकीट नवऱ्याच्या हातात जातं. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात. ती बाजूच्या खुर्चीवर पर्स सांभाळत बसते.

स्तन कुणाचा आहे?

तुलनाच हवी असेल तर ती मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. फिल्म चांगली की डिजिटल, हे ठरवायला अमेरिका-कॅनडातल्या ४९,५२८ बायकांची दोन्ही पद्धतींनी मॅमोग्राफी केली. निकाल २००५ मध्ये आला. सगळ्या जणी एकत्र धरल्या तर दोन्ही सारख्याच. पण पन्नाशीच्या आतल्या, दाट स्तनाच्या आणि पाळी अजून चालू असलेल्या बायकांत डिजिटल सरस. "कुठलं चांगलं?" या प्रश्नाचं उत्तर पन्नास हजार बायकांनी "कुणासाठी?" असं दिलं. वीस वर्षं होऊन गेली. आपण अजून पहिलाच प्रश्न विचारतो आहोत.

बाहेरच्या पाटीवर 'डिजिटल' लिहिलेलं असतं. आत जुन्याच यंत्राला नुसती कॅसेट बदलून डिजिटल केलेलं असू शकतं. विचारायला पैसे पडत नाहीत.

थ्रीडी मॅमोग्राफी ऐकली असेल. तिचं खरं नाव टोमोसिंथेसिस, अमेरिकेत मान्यता २०११ मध्ये. नळी कमानीत फिरते आणि स्तनाचे पातळ पातळ काप दिसतात, त्यामुळे थरांची गर्दी कमी होते. थोडे जास्त कर्करोग सापडतात. मिळत असेल आणि परवडत असेल तर करा. नाही मिळाली म्हणून साधी टाळू नका.

आता सोनोग्राफी.

हिची पहिली करामत साधी आणि अमोल आहे. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे ती जागेवर सांगते. पाण्याची साधी गाठ म्हणजे बहुतेक वेळा घरी जा, जेवा, झोपा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात जॉन वाइल्ड आणि जॉन रीड हे दोघे याच खटपटीत होते. ना किरण, ना दाब. तिशीच्या आतल्या मुलीला गाठ लागली, गरोदर बाईला लागली, अंगावर पाजणारीला लागली, तर पहिली सोनोग्राफीच. चाळिशीपुढे गाठ लागली तर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. पॅकेज विकणारा यात 'किंवा' घालतो.

तिथे 'आणि' आहे.

जपानने ७२,९९८ बायकांवर हेच तपासलं. सगळ्या चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या. अर्ध्यांना नुसती मॅमोग्राफी, अर्ध्यांना सोबत सोनोग्राफी. निकाल २०१६ मध्ये. नुसत्या मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग पकडले, दोन्ही मिळून ९१. वा! मग सगळ्यांचीच करू या?

थांबा. ज्यांना काहीच नव्हतं अशा १०० पैकी नुसत्या मॅमोग्राफीने ९१ जणींना "ठीक आहे" सांगून घरी पाठवलं होतं. सोनोग्राफी जोडल्यावर ते ८८ वर आलं. त्या जादाच्या तीन-चार जणींना काहीही नसताना पुन्हा बोलावणं आलं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त धोका आणि दाट स्तन असलेल्या बायकांत, सोनोग्राफीवरून सुचवलेल्या १०० बायोप्सींपैकी जेमतेम ९ मध्ये कर्करोग निघाला. उरलेल्या एक्क्याण्णव जणींनी सुई सोसली, रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री सोसल्या. तरीही धोका जास्त असेल तर मी म्हणेन, सोसा. पण आधी कुणीतरी हे सांगा तरी त्यांना!

आणि सोनोग्राफी कोण करतं यावर सगळं आहे. प्रोब ज्याच्या हातात, निदान त्याच्या हातात. मॅमोग्राफीची फिल्म उद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते. सोनोग्राफीत जे फिरवताना दिसलं नाही ते कागदावरही उतरत नाही. डॉक्टरने प्रोब ठेवण्याआधी विचारलं पाहिजे, "गाठ कुठे लागते? बोट ठेवा." नाही विचारलं तर तुम्हीच बोट ठेवा.

महाराष्ट्रात सोनोग्राफीची आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर फलक असतो, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा. कायदा हवाच होता. मुलींना पोटात मारायला हे यंत्र आपणच वापरलं, म्हणून ते नोंदणीत, जागेत, कागदपत्रांत बांधावं लागलं. आता तेच यंत्र गावातल्या बाईची गाठ बघायला सहज उचलून नेता येत नाही.

न जन्मलेल्या मुलीचं पाप जिवंत बाईच्या छातीवर येऊन बसलं.

आणि एमआरआय. सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात भारी, असा आपला हिशेब.

भारी आहे, यात वाद नाही. बाईला पालथं झोपवतात, स्तन खालच्या दोन पोकळ्यांत सोडतात, हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. कर्करोगाला रक्तपुरवठा जास्त, म्हणून ते औषध तिथे लवकर जमतं आणि गाठ उजळते. दाट वीण इथे मॅमोग्राफीसारखी आड येत नाही. नेदरलँड्समध्ये अतिशय दाट स्तनाच्या ४०,३७३ बायकांचा अभ्यास झाला, निकाल २०१९ मध्ये. मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्यांपैकी काही जणींना एमआरआय देऊ केला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उपटणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले.

निम्मे! मग?

मग हेही ऐका. एमआरआय झालेल्या दर हजार जणींमागे ८० जणींना विनाकारण धसका बसला. एमआरआयला उजळलेलं सगळं काही कर्करोग नसतं. साध्या, निरुपद्रवी गाठीही उजळतात. पाळीच्या दिवसांनुसार निरोगी स्तनही उजळतो, म्हणून पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत करतात. तुम्हाला तारीख देताना कुणी पाळी विचारली का?

आणि "स्वस्तात प्लेन एमआरआय" करून आणलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. औषधाशिवायच्या एमआरआयवर गाठ शोधणं म्हणजे दिवा न लावता देव्हाऱ्यात चांदीची वाटी शोधणं. पैसे गेले ते गेलेच, वर "एमआरआयसुद्धा नॉर्मल आहे" ही खोटी ग्वाही मिळाली.

ज्या बाईला बीआरसीए जनुकाचा दोष आहे, जिच्या घरात आई आणि बहीण दोघींना तरुण वयात झाला, तिला दर वर्षी एमआरआय हवाच. तिने सवलतीची वाट बघू नये. ज्या बाईला यातलं काहीच नाही, तिला कॉर्पोरेट पॅकेजमध्ये एमआरआय घालून देणाऱ्याचा हेतू तपासावा.

हेतू म्हटल्यावर आठवलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेले. २०१३ मध्ये त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. कशाचा? रुग्ण एमआरआयला पाठवल्याचा. त्यांनी तो खिशात घातला नाही, तक्रार केली. कट कुणी देतं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. चेक परत करणारा डॉक्टर मात्र बातमी झाला.

तुमच्या चिठ्ठीवर ठरावीक केंद्राचं नाव का लिहिलंय, हे विचारायला लाजू नका.

आता शिबिरांतल्या त्या नव्या पाहुणीकडे येऊ. "ना स्पर्श, ना किरण, ना वेदना! फक्त पाच मिनिटं!" म्हणजे थर्मोग्राफी. अंगाच्या उष्णतेचा रंगीत फोटो. लाल, पिवळा, निळा. बघायला सुंदर.

हीसुद्धा नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत सुमारे २,८०,००० बायकांच्या तपासणीचा प्रकल्प झाला. त्यात थर्मोग्राफी सुरुवातीला होती. इतके कर्करोग तिच्यातून निसटले की मध्येच तिला काढून टाकलं. अमेरिकेचं औषध प्रशासन वर्षानुवर्षं कंठशोष करतं आहे, २०१९ मध्ये पुन्हा बजावलं, की थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला पर्याय नाही. आता तिला एआयची जोड दिली आहे. द्या. पण तिने कर्करोगाचे मृत्यू कमी होतात असं कुठल्याही मोठ्या चाचणीत दाखवलेलं नाही. ते दाखवेपर्यंत तिच्या निळ्या फोटोवर विसंबून गाठ घेऊन घरी बसू नये.

सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये शिबिर भरवणाऱ्या मंडळींनो, भावना चांगली आहे. यंत्र बदला.

एआयचं खरं काम दुसरीकडे दिसतंय. स्वीडनमध्ये मॅमोग्राफी सहसा दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. ८०,००० बायकांच्या अभ्यासात एआयची मदत घेतली तर वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्यात कमी पडलं नाही, असं २०२३ मध्ये दिसलं. लक्षात घ्या, तिथे मुळात दोन माणसं वाचत होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच सही असते.

आणि ती सही करणाऱ्याला जुन्या फिल्म दिलेल्या नसतात. चांगला रेडिओलॉजिस्ट आधी विचारतो, "मागच्या फिल्म आणल्यात का?" दोन वर्षांपूर्वी नव्हता असा ठिपका आज आहे, हे फक्त तुलनेतच कळतं. लग्नाचे अल्बम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर्षानुवर्षं जपणारे आपण मॅमोग्राफीची पाकिटं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देतो.

रिपोर्ट आला की पुढचा गोंधळ. खाली लिहिलेलं असतं, बायरॅड्स २. लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो, "सेकंड स्टेज आहे!" वहिनींच्या बाबतीत आमच्याकडे हेच झालं. नाशिकहून मामा निघाले, कुणी रडलं, कुणी देव पाण्यात ठेवले.

बायरॅड्स २ म्हणजे काहीही वाईट नाही.

कापून ठेवा. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, अजून फोटो हवेत. एक म्हणजे स्वच्छ. दोन म्हणजे निरुपद्रवी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, धोका दोन टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा या. चार म्हणजे शंका आहे, बायोप्सी करा. पाच म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त शंका. सहा म्हणजे निदान आधीच झालेलं आहे. याचा स्टेजशी संबंध नाही. आणि 'तीन'वाल्यांनो, सहा महिने म्हणजे सहाच महिने. मुलीची दहावी, सासूबाईंचं ऑपरेशन, गणपती, हे सगळं सहा महिन्यांत येणारच आहे.

आता माझ्या मावशीचं सांगते.

एकोणपन्नास वर्षांची. आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली, सुपारीएवढी. कुणाला सांगायचं म्हणून पाच आठवडे गप्प. मग मॅमोग्राफी झाली. रिपोर्ट: विशेष दोष नाही. स्तन दाट, म्हणून सोनोग्राफी करावी, ही ओळ शेवटी बारीक अक्षरात. ज्या डॉक्टरकडे ती गेली त्यांनी वरची ओळ वाचली. गाठीला हात लावला नाही. "दुखतं का?" "नाही." "मग काही नाही."

दहा महिने.

दहा महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी आधी हात लावला, मग सोनोग्राफी केली, मग सुई घातली. आठवड्यात निदान झालं. तोवर काखेतही पोचला होता. मॅमोग्राफीचं यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला दिसलं नाही आणि त्याने तसं लिहिलंही होतं. चूक यंत्राची नव्हती.

हाताला लागलेली गाठ एकट्या नॉर्मल मॅमोग्राफीने कधीच नॉर्मल ठरत नाही. हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावा, गर्भलिंगाच्या फलकाशेजारी.

त्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी जे केलं, त्याला सर्जन मंडळी तिहेरी तपासणी म्हणतात. हाताने, चित्राने, सुईने. तिन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. एकही वेगळं बोलत असेल तर पुढे जा. शेवटचा शब्द सुईचा. "सुई लावली की पसरतो" हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. बायोप्सीच्या सुईने कर्करोग भडकत नाही. तो पसरतो ते सुई टाळून घालवलेल्या महिन्यांत.

आणि हाताला कमी लेखू नका. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्यांकडे दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका जाऊन नुसत्या हाताने स्तन तपासायच्या. यंत्र एकही नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. पुढच्या टप्प्यातले कर्करोग, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे, ४७ टक्क्यांवरून ३७ वर आले. पन्नाशी पार केलेल्यांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये ठाम फरक दिसला नाही. तोही निकाल तितक्याच स्वच्छपणे छापला.

मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे. मुंबईतल्या किती जणींना तो माहीत आहे?

ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी सरकारचं पत्र येतं, मॅमोग्राफीला या. आपल्याकडे सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, तिशीपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी. आशाताईंच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे, स्तनात गाठ आहे का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २०२१ मध्ये विचारलं, तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती बायकांची स्तनतपासणी कधी तरी झाली आहे?

१०० पैकी एकही पुरती नाही. ०.९ टक्के.

आणि २०२२ मध्ये देशात अंदाजे १,९२,००० बायकांना स्तनाचा कर्करोग झाला. सुमारे ९८,००० गेल्या. आपल्या बायकांना तो पश्चिमेपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी होतो. म्हणजे ज्या वयात स्तन दाट असतो, मॅमोग्राफी अडखळते, आणि घरात मुलांच्या परीक्षा असतात, त्या वयात.

आपण मात्र एमआरआय घेऊ की थ्रीडी, यावर चर्चा करतोय. ज्यांच्याकडे निवड आहे त्यांना निवडीचा घोर, ज्यांच्याकडे नाही त्यांच्या छातीला अजून कुणी हातही लावलेला नाही. मुळात शब्दच तोंडातून निघत नाही. "छातीत", "तिथे", "अंगावर". ज्या अवयवाचं नाव घेता येत नाही, त्याची तक्रार कशी करणार?

स्तन म्हणा. मुलीसमोर म्हणा, नवऱ्यासमोर म्हणा, डॉक्टरसमोर तर म्हणाच.

चाळिशी गाठली असेल आणि काही त्रास नसेल, तर डॉक्टरांशी बोलून मॅमोग्राफीचं वेळापत्रक ठरवा आणि रिपोर्टमधलं अक्षर स्वतः वाचा. घरात कुणाला तरुणपणी झाला असेल, तर चाळिशीची वाट बघू नका. आणि गाठ लागली असेल, किंवा कातडी ओढली जात असेल, बोंडातून रक्त येत असेल, तर आजचा पेपर खाली ठेवा आणि उद्या सकाळची वेळ घ्या. पाकीट स्वतःच्या हातात घ्या, डॉक्टरांना हात लावून बघायला सांगा, आणि "दुखत नाही ना, मग सोड" म्हणणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.